विदरफेरीचा बाक

खोटं बोलायला अक्कल लागत नाही, निभवायला लागते. फिलोमिनाकडे ती भरपूर होती, म्हणून तर तिचं एक खोटं लग्नाच्या आधीपासून सुखरूप चाललं होतं. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात ती लोकांच्या इंग्लंडच्या सहली आखून द्यायची. क्लायंट जरा का-कू करायला लागला की ती म्हणायची, "मी स्वतः जाऊन आलेय ना तिथे." खलास. क्लायंटचा जीव भांड्यात पडायचा.

गेलीबिली नव्हती ती कुठे. मुंबईच्या ऑफिसात असताना एकदा तिला पाठवायचं ठरलं होतं. घरी वसईत सगळ्यांना सांगून झालं, मावशीने स्वेटर विणला, आणि आयत्या वेळी व्हिसा नाकारला गेला. पुढे दुबईच्या इंटरव्ह्यूत साहेबाने विचारलं, "इंग्लंड पाहिलंय?" तर तोंडातून "येस सर" निघून गेलं. एकदा येस म्हटल्यावर नो कुठल्या तोंडाने म्हणणार? नवरा विन्स्टन तेवढा खरं जाणून होता. मुलगी मरिसा नव्हती. आपली ममा तरुणपणी एकटी इंग्लंडला जाऊन नदीकाठी बसून आली, याचा त्या पोरीला कोण अभिमान. शाळेत भाषणसुद्धा ठोकून आली होती त्यावर.

एवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर स्मिता राहायची. तिच्या सासूबाई सुजाताकाकू साताऱ्याच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. स्मिताचा नवरा उपेंद्र ऑक्टोबरात कामासाठी इंग्लंडला निघाला. सोबत आई आणि मुलगी दिया, तिला शाळेची सुट्टी. स्मिताला रजा मिळाली नाही. चहा पिता पिता काकू फिलोमिनाला म्हणाल्या, "गर्दी नको, जुनं काहीतरी दाखव बाई." आणि फिलोमिनाने विदरफेरीचं नाव काढलं. नदीकाठचं चिमुकलं गाव, वेबसाइटवर फार गोड दिसायचं. इथवर ठीक होतं. पण तिला रंगात यायची खोड. "नदीला लागून झाडाखाली एक बाक आहे, काकू. मी ऑक्टोबरातच दोन तास बसले होते तिथे. पाय खाली सोडून, होड्या बघत. अगदी संध्याकाळपर्यंत. उठावंसंच वाटेना."

गुरुवारी संध्याकाळी ती ऑफिसातून येऊन भात लावत होती, तेवढ्यात काकूंचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे अजून दुपारच होती. विन्स्टन हॉटेलात ड्यूटीवर, मरिसा डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेली.

"फिलोमिना, पोचलो गं तुझ्या विदरफेरीला," काकू म्हणाल्या. मफलरमधून नुसतं नाक दिसत होतं. "उपेंद्र आम्हाला सोडून मीटिंगला गेला, सातला न्यायला येईल. म्हटलं तुझ्याबरोबरच गाव बघावं. कुठून सुरू करू?"

फिलोमिनाने गॅस बारीक केला. मरिसा लॅपटॉप सोडून मागे येऊन उभी राहिली आणि फोनकडे बघून हात हलवायला लागली. "ममा, धिस इज युअर प्लेस?"

"हो तर," फिलोमिना म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तिने वेबसाइट आठवून आठवून रेटलं. चढावर चर्च दिसेल, काकू, आठशे वर्षांचं. खाली गल्ली उतरते, तिथे जुनी खानावळ, पूर्वी लोकरीच्या होड्या घेऊन येणारे तिथे मुक्काम करायचे. पुढे नावेच्या पायऱ्या, पूल नव्हता तेव्हा लोक तिथून पलीकडे जायचे. काकू गुडघा सांभाळत उतरत होत्या, दिया पुढे उड्या मारत होती, आणि बरोबर चर्च दिसलं, खानावळही दिसली. फिलोमिनाच्या जिवात जीव आला. निभावलं म्हणायचं हेही.

"हे बघ काय मजा," काकूंनी फोन खानावळीच्या दाराजवळ नेला. लाकडी चौकटीवर आडव्या रेघा कोरलेल्या होत्या, प्रत्येकीपुढे एकेक साल. "पिढ्यान्‌पिढ्या पोरांची उंची मोजलीय इथे. ही एक तर आपल्या दियाच्या खांद्याएवढी."

"हो हो, बघितलंय मी," फिलोमिना म्हणाली. भाताची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केला. रेघा मात्र मनातून जाईनात. मुलांची उंची मोजायची तर आत मोजतात ना, घरात? रस्त्यावरच्या चौकटीला कोण मोजतं?

गल्ली आता सपाट झाली होती. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला घरं. काकूंचा वर्ग सुरू झाला होता. "बघ, प्रत्येक दाराला तीन-चार पायऱ्या. सरंजामी थाट. मालक वर, कुळं खाली. आणि दाराच्या दोन्ही अंगांना या लोखंडी खोबणी. निशाणं लावत असणार सणाला."

"काकू, निशाणाला एक खोबण पुरते."

"मग फळ्या असतील दुकानाच्या. तूच सांग, तू बघितलंयस."

 फिलोमिनाने फोन डोळ्यांजवळ नेला. गल्लीत एकही गाडी उभी नव्हती. वर चर्चपाशी रांग लागली होती, खाली एक नाही. घरांच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर एक हिरवट रेघ होती, शेवाळाची. अशी रेघ तिने जन्मभर बघितली होती. वसईच्या खाडीला लागून तिचं माहेर. घरामागच्या भिंतीवर अशीच रेघ, दरवर्षी बाबा चुना मारायचे आणि दरवर्षी ती परत यायची.

काल बाल्कनीत कपडे वाळत घालताना चंद्र बघितला होता, भाकरीएवढा. पौर्णिमा होऊन एखादा दिवस झाला असेल. खरं उधाण पौर्णिमेला नसतं, त्यानंतर असतं, हे खाडीकाठचं शेंबडं पोरही सांगेल. आणि विदरफेरीची नदी पुढे समुद्रालाच मिळते, हे तिनेच तर क्लायंट लोकांना सांगितलं होतं, भूषण म्हणून.

"काकू, कुठे आहात तुम्ही?"

"कुठे म्हणजे? तुझ्या बाकावर." काकू टेकल्या होत्या. मागे झाडाच्या फांद्या, पुढे रुंद, करडं, गप्प पाणी. "छान आहे गं. आता उपेंद्र येईपर्यंत इथून हलत नाही."

"काकू, उठा. वर चर्चकडे चला."

"आत्ता तर बसले. गुडघा बघ माझा."

"पाणी चढेल तिथे. भरती असेल. रस्त्यावर येतं ते, भिंतीवर खूण आहे बघा."

काकू हसल्या. सगळ्या वर्गाला हसतात तशा. "अगं, तू याच बाकावर दोन तास बसलीस ना? पाय सोडून? संध्याकाळपर्यंत? तुझे काही भिजले नाहीत. माझे बरे भिजतील."

 आपलेच दात आणि आपलेच ओठ. फिलोमिना म्हणाली, तेव्हा वेगळा महिना होता. काकू म्हणाल्या, तू तर ऑक्टोबरच म्हणाली होतीस. ती म्हणाली, तेव्हा भरती नसेल. काकू म्हणाल्या, काळजी करू नकोस, नदी तर संथ दिसतेय.

"दिया, बेटा, जिथून आलात तिकडे फोन धर," फिलोमिना म्हणाली.

दियाने फोन फिरवला. गल्ली मधोमध खोलगट होती, आणि तिथला रस्ता चमकत होता. नदी अजून काठाखालीच होती. पाणी मोरीच्या जाळीतून वर येत होतं, बुडबुडे काढत, अगदी शांतपणे. माहेरीही असंच. पुढच्या दाराने कधीच यायचं नाही, मागच्या मोरीने यायचं, आणि तुम्ही समुद्राकडे बघत बसलेले असायचात.

"इट्स जस्ट अ पडल, आंटी," दिया म्हणाली.

"काकू, उठा म्हणते ना."

"फिलोमिना, उगाच पोरीला घाबरवू नकोस," काकूंचा आवाज आता मास्तरणीचा झाला. "अनुभवाच्या माणसाचं ऐकून इथे आले मी. जी बाई इथे दोन तास..."

"मी तिथे कधी गेलेच नाही, काकू."

 तिच्या खांद्यामागे मरिसाचा श्वास अडकलेला तिला स्पष्ट ऐकू आला. पण आता थांबून चालणार नव्हतं.

"इंग्लंडलाच गेले नाही. खोटं बोलले. तो बाक मी फोटोत बघितलाय, तेवढाच. पण भरतीचं पाणी मला माहीत आहे, काकू, ते मी घरात आलेलं बघितलंय. त्या रेघा पोरांच्या उंचीच्या नाहीत. पाण्याच्या आहेत. त्या खोबणी पाणी अडवायच्या फळ्यांसाठी आहेत. उठा, तुमच्या पाया पडते."

काकू उठल्या. दियाचा हात धरला आणि चालायला लागल्या. फोन हलायला लागला, आभाळ, चप्पल, आभाळ. मग दियाचा आवाज आला, आता बारीक झालेला. "आंटी, द वॉटर इज बिग. आजी कान्ट."

"त्यातून जाऊ नका," फिलोमिना ओरडली. खालचे खाचखड्डे दिसत नसताना दुखऱ्या गुडघ्याने त्यात पाय घालणं म्हणजे पडणंच.

"मग जायचं कुठे?" काकू म्हणाल्या.

आणि तिला ठाऊक नव्हतं. गल्ली पुढे कुठे जाते, वर जायला दुसरी वाट आहे का, काही काही ठाऊक नव्हतं. जाऊन आलेली असती तर सांगितलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला स्वतःचा.

"सगळ्यात जास्त पायऱ्या कुठल्या दाराला आहेत? तिथे चढा. दार ठोका."

"परक्याच्या घरी? असं कसं..."

"दिया, तू ठोक. जोरात. हेल्प म्हण."

दियाने ठोकलं. ठोकतच राहिली. दार उघडल्याचा आवाज आला, कुणा पुरुषाचं इंग्रजी, चिडल्यासारखं, आणि कॉल तुटला.

फिलोमिनाने पुन्हा लावला. लागला नाही. उपेंद्रचा फोन बंद, मीटिंगमध्ये. स्मिताला काय सांगणार? तुझी सासू आणि तुझी मुलगी मी पाण्यात पाठवली, असं? ती ओट्याला धरून उभी राहिली आणि माऊलीचा धावा करायला लागली, मध्येच शब्द विसरायला लागली. मरिसा खुर्चीवर बसली होती. लॅपटॉप मिटलेला.

"यू नेव्हर वेंट," मरिसा म्हणाली.

"नाही."

"आय टोल्ड एव्हरीवन."

"मला माहीत आहे, बाळा."

मरिसा आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं.  

किती वेळ गेला कोण जाणे. फोन वाजला तेव्हा तो फिलोमिनाच्या हातातून पडलाच. काकूंनी फोटो पाठवला होता, कुणाच्या तरी वरच्या खिडकीतून काढलेला. गल्ली नव्हतीच. सगळी नदी. झाडाखाली बाकाच्या पाठीची वरची फळी तेवढी पाण्याबाहेर होती. खाली लिहिलं होतं, "सुखरूप. चहा घेतोय." पदर नव्हता म्हणून फिलोमिना ॲप्रनमध्ये तोंड घालून रडली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात स्मिता, ऑफिसच्या कपड्यांतच, डोळे लाल. आत येऊन तिने फिलोमिनाला मिठीच मारली.

"आईंचा फोन आला होता. म्हणाल्या, फिलोमिना होती म्हणून वाचलो. म्हणाल्या, तिला त्या गावची गल्ली न्‌ गल्ली पाठ आहे, इथून बसून वाट दाखवली तिने. ताई, तुम्ही तिथे जाऊन आला नसतात तर आज काय झालं असतं हो."

काकूंनी झाकलं होतं. पायाखाली एवढी नदी बघूनही त्या बाईने तिची अब्रू झाकली होती. आता नुसतं "अगं त्यात काय" म्हणायचं होतं. बिल्डिंगमध्ये नाव राहिलं असतं, ऑफिसात नोकरी राहिली असती. फिलोमिनाने स्मिताच्या खांद्यावरून बघितलं. मरिसा खुर्चीवरून बघत होती, ममा काय बोलते ते. मघाशी फिलोमिना खरं बोलली तेव्हा पाणी चढत होतं. तेव्हा कोणीही बोललं असतं.

"स्मिता, बस जरा," फिलोमिना म्हणाली. "मी त्या गावाला कधी गेले नव्हते. न बघितलेल्या जागी मी तुझ्या माणसांना पाठवलं."

स्मिता बसली नाही. तिने मिठी सोडली, फिलोमिनाकडे बघितलं, मरिसाकडे बघितलं. "मला आत्ता दियाशी बोलायचंय," एवढंच म्हणून ती निघून गेली. लिफ्टची वाट न बघता जिन्यावरून गेली.

दार तसंच उघडं राहिलं. मरिसाने उठून ते लावलं. मग ओट्याशी आली, कुकरचं झाकण काढलं, दोन ताटं घेतली.

"देन व्हेअर डिड यू सिट?" तिने विचारलं. "टू अवर्स. फीट डाउन. दॅट वॉज अ लाय ऑल्सो?"

"बसले होते," फिलोमिना म्हणाली. "वसईच्या धक्क्यावर. व्हिसा नाही आला त्या दिवशी. घरी कसं सांगू कळेना. भरती आली, पाय भिजले, तेव्हा उठले."

मरिसाने भात वाढला. तिच्याकडे न बघताच एक ताट तिच्यापुढे सरकवलं.

"टेल मी दॅट वन," ती म्हणाली.