लीदा मावशीनं पुसलेली ओळ

मला वस्तू म्हणावं की नाही, याची मलाच खात्री नाही. मला हात लावता येत नाही. उघडता येतं, बंद करता येतं, आणि गप्प करून ठेवता येतं. हे शेवटचं माझ्या बाबतीत फार वेळा झालं आहे. मी चार जणांच्या फोनमधला एक घरगुती गट. माझं नाव 'खारवलेल्या काकड्या'.

हसू नका. नाव यानानं ठेवलं. ती खारकिव्हमधल्या एका शाळेत भूगोल शिकवायची. तिची आई झीना, निवृत्त ट्रॉलीबसचालक, त्याच शहरात नवव्या मजल्यावर राहायची. झीनाची थोरली बहीण लीदा आणि लीदाचा मुलगा वादिम हे पलीकडच्या रशियन मुलखात, बेल्गोरोदला. मध्ये ऐंशी किलोमीटर आणि एक सरहद्द, पण तेव्हा ती सरहद्द म्हणजे रांगेत उभं राहायचा कंटाळा, एवढीच होती. दोघी बहिणींचं काकडीच्या बरणीवरून फोनवर वाजलं. ओकचं पान घालायचं की चेरीचं? याना दोघींचे निरोप इकडून तिकडे पोचवून थकली आणि म्हणाली, "आता काय ते समोरासमोर भांडा." अशा रीतीनं मी जन्मलो. भांडणासाठीच, हे लपवून काय उपयोग?

चार फोनांत माझे चार पाय. ज्याचा फोन बंद, तो पाय बधिर.

सुरुवातीची वर्षं मी सुखात होतो. सकाळी लीदा मावशीची फुलांची चित्रं, ईस्टरला केकचे फोटो, मग यानाच्या लेकीचा, सोल्याचा, पहिला फोटो. चेहरा बीटासारखा लाल. वादिमनं लिहिलं, "ही तर माझ्यावर गेली." याना म्हणाली, "मग हुंडा आत्तापासून जमवायला लागते." राजकारणाला बंदी होती. झीनाचा नियम होता, "ज्याला राजकारण करायचंय त्यानं बाल्कनीत जाऊन करावं."

फेब्रुवारीत एका पहाटे यानानं लिहिलं, "आमच्यावर बॉम्ब टाकतायत."

लीदा मावशीचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "अगं, घाबरू नकोस. तुमच्यावर नाहीत. लष्करी ठिकाणांवर आहेत. दोन-तीन दिवसांची गोष्ट."

"मावशी, काच सोल्याच्या पाळण्यात पडलीय. पाळणा लष्करी आहे का?"

"तुमचेच लोक टाकत असतील, आणि नाव आमचं."

मग वादिम आला. "आठ वर्षं तुमच्या पूर्वेकडे, दोन्बासमध्ये, माणसं मरत होती, तेव्हा कुठे होतीस, यानका?"

"सातवीच्या वह्या तपासत होते. तू कुठे होतास, वादिक? आमच्या स्वयंपाकघरात. आई वारेनिकीच्या करंज्या उकडत होती आणि तू तिसऱ्यांदा ताट पुढं करत होतास."

माझं मत विचारत असाल, तर गटानं मत देऊ नये. पण बघितलेलं सांगतो. माणसं उत्तर वाचत नाहीत. समोरचं वाक्य अर्ध्यावर असतानाच त्यांचं बोट पुढच्या वाक्याकडे निघालेलं असतं. वादिम चित्रफिती पाठवायचा, त्यानं स्वतः पूर्ण न पाहिलेल्या. याना फोटो पाठवायची. तिच्या फोटोंवर तो लिहायचा, "हे दुसऱ्या वर्षीचं आहे," किंवा "नट आहेत." आणि वर, माझ्या नावाशेजारी, बरणीतल्या काकड्यांचं चित्र तसंच.

झीना काही लिहायची नाही. सगळं वाचायची, हे मला माहीत आहे. चष्मा कपाळावर ढकलून फोन नाकाशी धरायची. ती घर सोडायला तयार नव्हती. तळघरातही उतरायची नाही. "लीदा म्हणते तीन दिवसांत थांबेल." तीनाचे सात झाले, सातांचे वीस. लेकीपेक्षा थोरल्या बहिणीवर तिचा विश्वास जास्त होता. लहानपणी बर्फावरून शाळेत जाताना लीदानं तिचा हात धरलेला होता ना.

याना सोल्याला घेऊन शाळेच्या तळघरात राहत होती. तिथं वीज नव्हती. रोज सकाळी तासभर जनित्र चालायचं आणि फोनवाल्यांची रांग लागायची. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एक गाडीवाला शहर सोडून पोल्तावाला निघाला. त्याच्याकडे तीन जागा होत्या. तो म्हणाला, "बारापर्यंत सांगा. आजी येणार असेल तर तिच्या दारावरून जाईन. नसेल तर त्या भागात गाडी घालणार नाही. माझीही पोरं आहेत गाडीत."

त्या दिवशी यानाच्या फोनमध्ये एकोणीस टक्के बॅटरी होती. सव्वाअकराला तिनं माझ्यातच लिहिलं, कारण झीनाला वेगळा निरोप उघडायला जमत नसे. "आई, बारापर्यंत हो म्हण. मी तुझ्या पाया पडते."

झीनानं फक्त वाचलं. वादिम मात्र हजर. "कशाला म्हातारीला घाबरवतेस? झीना मावशी घरात बसलीय, चहा पितेय. म्हणजे तिथं काही होत नाहीये. तीच पुरावा आहे."

इथं यानानं फोन खिशात ठेवायला हवा होता. हे बोलणं सोपं आहे, मी बोलतोय. तिनं ठेवला नाही. तिनं शेजारच्या इमारतीचा फोटो पाठवला, पाच मजले खाली आलेले. तो म्हणाला, "सावली बघ, उन्हाळ्यातली आहे." भूगोलाच्या बाईला सावलीवरून कुणी शिकवावं? तिनं सूर्याचा कोन लिहिला. अक्षांश लिहिला. चौदा टक्के. तो म्हणाला, "तुमच्या डोक्यात भरवलंय." तिनं पाण्याच्या रांगेचा फोटो पाठवला. नऊ टक्के. सोल्या तिच्या गुडघ्याला धरून "ममा, ममा" करत होती आणि ती म्हणत होती, "थांब राणी, एकच मिनिट, मामाला सांगते." भांडणातली ही वाक्यं मला नवी नव्हती. सदतीस निरोप. अडतिसावा अर्धा राहिला. अकरा बावन्नला माझा यानाकडचा पाय गेला.

तिनं तळघरातल्या एका बाईकडून फोन मागून घेतला. पण आईचा नंबर पाठ नव्हता. आजकाल कुणाला असतो?

बारा वाजून आठ मिनिटांनी झीनानं लिहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. एकेक अक्षर शोधत.

"वादिक, मी कुणाचा पुरावा नाही. याना, मी येते. पिशवी घेतली. खाली दाराशी उभी आहे. गाडी कुठल्या रंगाची?"

त्या सगळ्या भांडणात एकाच माणसाला पटलं, आणि ते पटलेलं यानाला कळलं नाही.

सव्वाबाराला गाडी शाळेपासून निघाली. यानाला वाटलं, आईचं 'नाही' कायम आहे. मांडीवर लेक, हातात मेलेला फोन.

लीदा मावशीनं झीनाचा निरोप बारा दहाला वाचला. मला ते दिसतं. तिनं लिहायला घेतलं, थांबली. पुन्हा घेतलं. 'घरी जा' लिहिलं, खोडलं. 'गाडी येईलच' लिहिलं, खोडलं. तिच्याकडची खिडकीही त्या दिवशी हादरत होती. तोफा तिच्याच बाजूच्या शेतांतून सुटत होत्या, आणि आवाज कुठून निघतो आणि कुठं जातो, हे ऐंशी किलोमीटरवरच्या बाईला कळत नाही असं थोडंच असतं.

बारा तेहतीसला झीनाकडचा माझा पाय गेला. नुसता बधिर झाला नाही. तुटला.

बारा एक्केचाळीसला लीदा मावशीनं पाठवलं, "झीना, आत जा. तळघरात जा, लगेच. आमच्याकडून सुटतायत, मला ऐकू येतंय. माझं आधीचं ऐकू नकोस."

बस, एवढंच. तो निरोप झीनाकडे पोचला नाही. यानाकडेही नाही. माझ्या चार पायांपैकी दोनांवरच तो उतरला.

चार मिनिटांनी वादिमनं लिहिलं, "आई, ते आत्ता काढ. अशा एका वाक्याला आता पंधरा वर्षं तुरुंग आहे. डोकं फिरलंय का? सगळ्यांसाठी काढ, नुसतं स्वतःसाठी नको." मग त्यानं स्वतःचंही काढलं. लीदानं तिचं काढलं. पहिल्यांदा चुकून फुलांचं चित्र पाठवलं गेलं. तेही काढलं.

संध्याकाळी पोल्तावाच्या एका शाळेत यानाच्या फोनला वीज मिळाली. आईचा निरोप आला. त्याच्याखाली चार राखाडी ओळी: निरोप काढून टाकला, निरोप काढून टाकला, तसंच आणखी दोनदा. चौथा कुणाचा, विचाराल. वादिमनं लिहिलं होतं, "बघितलंस, पळायला लावलंत म्हातारीला." तेही त्यानं पुसलं.

आईचं काय झालं, ते आईच्या इमारतीतल्या शेजारणीनं दुसऱ्या दिवशी कळवलं.

आता याना पोलंडमधल्या एका छोट्या गावात आहे, एका पाळणाघरात मदतनीस म्हणून. सोल्या पोलिशमध्ये भांडते. वादिम गट सोडून गेला. झीनाचं नाव माझ्यात अजून आहे. ते काढायला कुणाचा हात होत नाही. लीदा मावशी आहे. याना आहे. म्हणजे एक मेलेली आणि दोन न बोलणाऱ्या, असा मी.

याना मला अधूनमधून उघडते. वर सरकते, स्वतःचे सदतीस निरोप मोजते, सूर्याच्या कोनापाशी थांबते. मग खाली येते आणि त्या राखाडी ओळींवर बोट ठेवते, दाबल्यावर काही उगवेल अशा आशेनं. एकदा तिनं विचारलं, "मावशी, बारा एक्केचाळीसला काय लिहिलं होतंस? माझी आई रस्त्यावर उभी होती. तेव्हा तुला काय सुचलं?"

लीदानं वाचलं. आठ वेळा उत्तर लिहायला घेतलं. आठही वेळा दाराकडे बघून खोडलं.

लीदा मावशी, माझ्यात लिहू नकोस. मला माहीत आहे, मी तुझ्यासाठी सुरक्षित जागा राहिलेलो नाही. पण कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ सांग. कागदावर लिहून दे. युद्ध कुणी सुरू केलं, यावर तुम्ही दोघी मरेपर्यंत भांडा, मी उघडा राहीन. पण तू तिला आत जा म्हणाली होतीस, हे त्या पोरीला कळू दे.

मी सांगू शकत नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही माझ्यात नाही. तिला वाटतं, तिथं एक टोमणा होता.