नव्या सांडव्यानंतरची खिचडी

धरणाचा भोंगा वाजला आणि द्रौपदाबाईंनी सवयीनं मोठं पातेलं चुलीवर चढवलं. फोडणी झाली, डाळ-तांदूळ वैरून झाले, तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की यंदा कुणी येणार नाही. पण आता काय करता? खिचडी तर रटरटायला लागली होती.

शिंदखेड्याकडचं हे गाव नदीला अगदी खेटून. धरणाचे दरवाजे उघडले की पाणी खालच्या गल्लीत शिरायचं. टेकाडावर घर एकच, द्रौपदाबाईंचं. नवऱ्यानं हट्टानं उंचावर बांधलेलं. एरवी त्या बौद्धाच्या घराकडे गावाची पावलं सहसा वळत नसत. भोंगा वाजला रे वाजला, की मात्र तीच वाट गजबजायची. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, शेळ्या, गॅसची टाकी, सगळं चिखल तुडवत वर. द्रौपदाबाई सगळ्यांना गरम खिचडी वाढायच्या, वरून कच्चं तेल, सोबत भाजलेला पापड. पाणी ओसरलं की माणसंही ओसरायची, ती थेट पुढच्या पुरापर्यंत.

त्यात खालच्या गल्लीतली वच्छलाबाई मोठी नेमाची. कमरेपर्यंत पाणी आलं तरी ती स्वतःचं ताट पदराखाली घेऊनच यायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि द्रौपदाबाईंनी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? दोघींनाही ठाऊक होतं. बाई वाईट नव्हती हो. चुलीपाशी बसून सुनेपासून म्हशीपर्यंत सगळं मन मोकळं करायची. ताट तेवढं तिचं असायचं. द्रौपदाबाईही त्या ताटात एक डाव जास्तच वाढायच्या.

मग धरणाच्या पलीकडच्या अंगाला खडक फुटू लागला. सुरुंगाच्या दणक्यानं द्रौपदाबाईंच्या मांडणीवरची भांडी थरथरायची. जादा पाण्याला वेगळी वाट देणारा दुसरा सांडवा होणार होता. पाणी गावाला वळसा घालून खाली नदीला मिळणार होतं. ग्रामसभेत पहिला हात द्रौपदाबाईंचाच वर गेला. वच्छलाबाईची गाभण म्हैस वाहून गेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, वच्छलाबाईचा हंबरडा ऐकला होता. पुराची हौस कुणाला असते?

मुलगा राजदीप शिरपूरला शिक्षक. "माय, आते चाल मनाजोडे," हे त्याचं दर फोनला पालुपद. "पूर ऊना म्हंजे लोके कोठे जातीन?" म्हणून त्या टाळत आल्या होत्या. पण सांडवा झाला आणि सबबच संपली. यंदा गल्लीत पाणी शिरलं नाही तर येईन, असा शब्द देऊन बसल्या होत्या.

त्या दारात आल्या. पलीकडे नव्या सांडव्यातून गढूळ पाणी घोंगावत चाललं होतं. खालची गल्ली मात्र कोरडी ठणठणीत. कुणाच्या घरी टीव्ही लागला होता, कुणी ओट्यावर निवांत शेंगा सोलत होतं. द्रौपदाबाईंना मनापासून आनंद झाला. आणि मग, स्वतःचीच लाज वाटावी असं रडू आलं. इतकी वर्षं माणसं आपल्याकडे येत होती, की नुसतं पाणी त्यांना लोटत होतं?

डोळे पुसून त्यांनी कपड्यांची पिशवी खुंटीवरून काढली. तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या.

दारात वच्छलाबाई. पाय कोरडे, हात रिकामे.

"अक्का, खिचडी टाकेल शे ना?"

"टाकेल शे. पन तू काब्रं ऊनी वं? पानी ते गल्लीमा नही ऊनं."

"भोंगा वाजना ना." वच्छलाबाई चुलीपाशी आपल्या नेहमीच्या जागी टेकली. "घरमा मन लागे ना. दरसाल पानी माले आठे लई ये. यंदा मनी मी ऊनू."

द्रौपदाबाईंनी डाव उचलला आणि थांबल्या. "ताट?"

वच्छलाबाईनं मान खाली घातली. मग मांडणीकडे बोट केलं. "तठलं दे ना एक. तू जेवस ते."

द्रौपदाबाईंनी आपलं ताट काढलं, पदरानं पुसलं. ते स्वच्छच होतं, पण त्यांना तेवढा वेळ हवा होता. वाढताना तेल जरा जास्तच पडलं. वच्छलाबाई जेवू लागली.

फोन वाजला. राजदीप. "माय, गल्लीमा पानी नही ऊनं म्हने! आते येशी ना?"

द्रौपदाबाईंनी चुलीकडे पाहिलं, मग त्या पिशवीकडे.

"मंग बोलसू, बेटा," त्या म्हणाल्या. "घर पाहुनी ऊनी शे."

वच्छलाबाईनं घास हातातच ठेवून वर पाहिलं. इतक्या पुरांमध्ये तिला या घरात कुणी पाहुणी म्हटलं नव्हतं, आणि ती तशी आलीही नव्हती. तिनं ताट पुढे केलं.

"आखो वाढ," ती म्हणाली.