हँगरच्या दारातला वजनकाटा

मित्रांनो, मी एक जुने, चिमुकले जेट विमान आहे. जेट म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर उडता महाल येत असेल, तर तो आधी पुसून टाका. माझ्यात चार पाहुणे गुडघे आवरून बसतात आणि उभे राहायला गेले की डोके छताला आपटते. आमच्या जातीला 'अतिहलकी' म्हणतात. त्याचा मला अभिमान आहे. मात्र हलक्याने भार तोलूनमापूनच घ्यावा.

मला निवडले दातांच्या एका डॉक्टरांनी. चार गावांत त्यांचे चार दवाखाने होते आणि विमान स्वतः चालवायची दांडगी हौस होती. निवडीत त्यांनी वर्ष घातले. माझ्या इंजिनात टॉर्च मारून ते असे पाहत होते, की आता "आ करा" म्हणतील असे मला वाटले. त्यांची बायको म्हणाली, "अहो, लग्नाआधी मलासुद्धा एवढं निरखलं नव्हतंत!"

माझी देखभाल करायचे मिस्त्री. तोंडाने फटकळ, पण हात मायेचा. त्यांनी हँगरच्या, म्हणजे माझ्या घराच्या, दारातच वजनकाटा मांडला. जो बसणार तो आधी सामानासकट काट्यावर. डॉक्टरही सुटत नसत. "टाकी भरा नाहीतर खुर्च्या भरा," मिस्त्री म्हणत, "दोन्ही हौशी एकदम भागायच्या नाहीत."

सात वर्षे अशी सुखात गेली. मग एका दुपारी मिस्त्री रजेवर असताना डॉक्टर घरच्यांना घेऊन मेहुणीकडे निघाले. बायको होती, मुलगी होती आणि सासूबाई होत्या. सासूबाईंना सगळे आजी म्हणत.

"आई, जरा काट्यावर येता?"

"इश्श, जावईबापू! या वयात चारचौघांत वजन? साठ लिहा. आणि पेटीत नुसते कपडे आहेत."

सासूबाईंपुढे डॉक्टरांना जास्त बोलवेना. त्यांनी मुकाट्याने साठ लिहिले. टाकीत त्या हिशेबाने बसेल तेवढेच इंधन होते, ऊन रणरणते होते आणि धावपट्टी आखूड होती. मी धावू लागलो आणि मला कळले, हे साठ नव्हेत! ओरडावेसे वाटले, पण मला वाचा कुठली? हवा तसा वेग येईना. डॉक्टरांनी ब्रेक दाबला. धावपट्टी संपली आणि माझी चाके गवतात रुतून थांबली.

कुणाला ओरखडाही आला नाही. पण डॉक्टर उतरून माझ्या रुतलेल्या चाकांपाशी बसले. "माझंच गणित चुकलं," ते म्हणाले. आजींनी पेटीवर पदर ओढला.

त्यानंतर डॉक्टर माझ्याकडे फिरकले नाहीत. माझ्या आच्छादनावर धूळ साचली. मिस्त्री आठवड्यातून एकदा येऊन माझी चाके तेवढी फिरवत, "बसून बसून टायरही चपटे होतात, माणसांसारखे," असे पुटपुटत. दोन वर्षांनी कानावर आले, की मला विकणार आहेत. मला फार वाईट वाटले. दोष डॉक्टरांचा नव्हता, हे मला ठाऊक होते आणि सांगता येत नव्हते.

विक्रीच्या सह्या हँगरमध्ये व्हायच्या होत्या, त्या सकाळी आजी तीच पेटी घेऊन आल्या. मिस्त्रींनी ती उचलली. "आजी, दगड भरलेत काय?"

आजींनी पेटी उघडली. कपड्यांखाली लोखंडी शिलाई मशीन होते. "धाकट्या लेकीला द्यायचं होतं. सांगितलं असतं, तर तुम्ही बाहेर काढून ठेवलं असतं." मग चपला काढून त्या काट्यावर चढल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "एकाहत्तर! जावईबापू, गणित तुमचं बरोबर होतं. आकडे माझे खोटे होते. मी माझी लाज राखली आणि तुमची हौस घालवून बसले."

डॉक्टरांनी वाकून काट्यावरचा आकडा पाहिला. मग हळूच म्हणाले, "आई, चष्मा काढून बघा, थोडं कमी भरेल." आणि सहीचे पेन त्यांनी खिशात ठेवून दिले.

मिस्त्रींनी महिनाभर माझा एकेक स्क्रू तपासला, तेव्हा कुठे मी पुन्हा आकाश पाहिले.

मित्रांनो, यंत्रांना पुसा, तेल द्या, पडून राहू देऊ नका. पण त्याहीआधी, जो तुमचा भार उचलणार आहे त्याला तो खरा सांगा. आजी आता सगळ्यांआधी काट्यावर चढतात आणि आकडा स्वतः वाचतात. परवा त्यांनी त्र्याहत्तर वाचला. मी त्यांना आनंदाने उचलले.