मास्तरांची अकरा मिनिटं

चांदसाहेब माझा नवरा, पण सगळं आष्टा गाव त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. फौजेच्या बँडमध्ये वीस वर्षं काढून ते गावी आले आणि त्यांनी लग्नाचा बँड काढला. लग्नात कुठलंच गाणं पुरं होत नाही. वरात मांडवाच्या दारात पोचली की असेल तिथं तोडायचं. याचाच त्या माणसाला सारखा जाच व्हायचा. मग त्यांनी स्वतःची धून लिहायला घेतली, अकरा मिनिटांची. नऊ वर्षं लिहायचे नि खोडायचे. जेवताना ताटावर बोटं, झोपेत माझ्या खांद्यावर बोटं. मला तर वीट आला होता.

"एकदा लोकांनी शेवटपत्तोर ऐकू दे," म्हणायचे, "मग बँड मोडला तरी चालंल."

गेल्या फेब्रुवारीत सांगलीच्या एका सभागृहात, सकाळच्या कार्यक्रमात शेवटची वीस मिनिटं मिळाली. ऐन लग्नसराईत तीन सुपाऱ्या सोडून मास्तरांनी सोळा जणांची तालीम घेतली. सहाव्या मिनिटाला सगळी वाद्यं थांबायची, मनात चार मोजायचे, मग मतीनची एकटी क्लॅरिनेट हळूच सुरू व्हायची. तेवढ्या जागेसाठी त्यांनी सगळ्यांचा जीव खाल्ला.

त्या दिवशी सगळे बरोबर थांबले. मास्तरांचा हात वर होता. लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या पडल्या. तशी ढोलवाल्या अर्जुनाची काठी आपोआप खाली आली. मंगलाष्टका संपून टाळ्या पडल्या की जोरात वाजवायचं, तीस वर्षं त्याच्या हाताला हेच वळण. त्याच्यामागं सगळा बँड अक्षता पडल्यावरची धून दणक्यात वाजवू लागला. लोक खूश, शिट्ट्या सुरू. आयोजक देवदत्त हार घेऊन आले आणि खाली जेवणाची पानं मांडलीत म्हणून सांगून मोकळे झाले.

"हार ऱ्हाऊ द्या," मास्तर म्हणाले. "माजं संपलं न्हाई." मग लोकांकडे वळले. "पाच मिण्टं ऱ्हायल्यात. बसा. आन् टाळ्या वाजवू नका."

यजमानांपुढं कधी वर मान न करणारा हा माणूस. मला घामच फुटला.

"चुकलं मास्तर," अर्जुना रडवेला झाला होता.

"हुतं गड्या. फुडचं वाजीव."

मतीननं क्लॅरिनेट तोंडाला लावली. माझ्या मागं खुर्च्या वाजत होत्या, पायऱ्यांवर चपला वाजत होत्या. मला राग आला, पण वळून बघायची छाती होईना. नऊ वर्षं ऐकलेली धून, तरी कान देऊन ऐकत राहिले.

शेवटचा सूर थांबला. टाळी पडली नाही. वाजवू नका म्हणून बजावलंच होतं. मास्तर बँडकडे तोंड करून तसेच उभे होते.

"फरीदा," ते न वळताच म्हणाले, "कोण हाय का गं मागं?"

मी वळून बघितलं. खुर्च्या रिकाम्या होत्या. दाराशी झाडलोटीला आलेली सुलाबाई तेवढी उभी होती. झाडू काखेत धरून ती अजून मास्तरांकडेच बघत होती.

"आमी दोघी हाय," मी म्हणाले. "शेवटपत्तोर ऐकलं."