चार ठिपक्यांना एक रंग

अंकितानं मांडवातल्या टीव्हीचा रिमोट उचलला, तशी सयाजीनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे, पोरी. पंचांनी निकाल दिलाय."

निकाल तिच्या बापाच्या, सयाजीच्याच बाजूनं होता. नव्याण्णव सालची माधवनगरच्या पलीकडच्या माळावरची बैलगाड्यांची शर्यत. फायनलला दोन गाड्या चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेघेवर अगदी खेटून आल्या. अंकिता विश्रामबागेतल्या व्हिडिओ स्टुडिओत कामाला होती. तिथलाच नवा डिजिटल कॅमेरा लावून तिनं रेघ टिपली होती. भाऊसो पंचांनी चित्र थांबवून बघितलं. कोंडीबाचा काळा बैल रेघेला जेमतेम टेकलेला, आणि सेमी जिंकल्यावर उधळलेल्या गुलालानं माखलेलं सयाजीच्या बैलाचं लालभडक तोंड चक्क रेघेवर चढलेलं. झालं, हलगी सुरू झाली. वासरं असल्यापासून पोटच्या पोरांगत वाढवलेली बैलं ती, आणि सयाजीच्या दावणीला पहिल्यांदाच फायनल! एकटा कोंडीबा तेवढा, माझा काळा आधी आला म्हणत, गाडी न सोडता उभा होता.

अंकिताची नजर मघापासून त्या लालावरच होती. हा कॅमेरा उजेड चित्राच्या ठिपक्या-ठिपक्याचा घेतो, पण रंग चार ठिपक्यांना मिळून एकच. जागा वाचवायची त्याची ही तऱ्हा. त्यात लाल म्हणजे महाखट्याळ, आपली हद्द सोडून शेजारी सांडणारच. खरी कड उजेडातच दिसणार. लग्नाच्या कॅसेटींत नवरीचे लाल शालू बघून बघून तिला हे पाठ झालं होतं. गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"पंचांनी रंग बघितलाय, आबा. बैल न्हाई," ती म्हणाली, आणि मनगट सोडवून घेऊन तिनं टीव्हीचा रंग पार शून्यावर आणला.

माळ करडा झाला. गुलाल गेला, आणि सयाजीच्या बैलाचं तोंड रेघेच्या बोटभर अलीकडं उरलं. काळ्याची नाकपुडी मात्र होती तिथंच, रेघेला टेकून.

हलगी थांबली. भाऊसोंचं तोंड बघण्यासारखं झालं. पोरीनं काहीतरी खटपट केलीय, होता तसा रंग आणा आधी, असं ते सगळ्यांदेखत बोलले. सयाजीनं पडद्याजवळ जाऊन रेघ आणि बैलाचं तोंड यांच्यातल्या फटीवर बोट ठेवलं. मग त्यानं लेकीच्या हातातला रिमोट काढून घेतला. अंकितानं मान खाली घातली नाही.

सयाजीनं रिमोट बंडीच्या खिशात घातला.

"गुलाल कोंडीबाला लावा," तो म्हणाला. "आन् रंग ज्याला पायजे आसंल, त्यानं माझ्या खिशात हात घालून दावावा."