तेलाचा काटा उठेपर्यंत

त्या शनिवारी सकाळी ऑरिन टॅकेटने गॅरेजची किल्ली नेहमीसारखी खिळ्याला अडकवली नाही, खिशात ठेवली. पाद्री डनॅगनला द्यायची वेळ आलीच तर शोधाशोध नको.

बोलणं साधंच झालं होतं. चर्चला गरिबांच्या धान्यवाटपासाठी जागा हवी होती आणि ऑरिनचं गॅरेज तीन वर्षं जवळजवळ रिकामं पडलं होतं. "बेटिनाच्या पिकअपमध्ये बसवतोय ते इंजिन शनिवारी सुरू झालं, तर मी काम चालू ठेवतो," ऑरिन म्हणाला होता. "नाही झालं, तर जागा तुझी." डनॅगन आणि तो एका शाळेतले, एका बाकावरचे. डनॅगनने मान हलवली होती, पण हो की नाही ते ऑरिनला कळलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी जत्रेत, ट्रॅक्टरने वजन ओढायच्या शर्यतीत, ऑरिनच्या हातचं इंजिन सगळ्या गावादेखत फुटलं होतं. एक नट त्याच्याकडून ढिला राहिला होता. इजा कुणाला झाली नाही. कुणी काही बोललंही नाही. मिसुरीतल्या त्या तळ्याकाठच्या गावात लोक तोंडावर बोलत नाहीत, गाडी दुसरीकडे नेतात. ऑरिनने मात्र हाय खाल्ली. एकाहत्तराव्या वर्षी आपले हात आपले राहिले नाहीत, असं त्याच्या मनाने घेतलं.

मग एक दिवस धक्क्यावर तळलेल्या माशांचं हॉटेल चालवणारी बेटिना हॉइल आली. वडिलांची सदुसष्ट सालची पिकअप तिने जपून ठेवली होती, आणि त्यांची जुनी बोटही. बोटीत दोन इंजिनं होती, शेजारी शेजारी. दोन्ही चारशे सत्तावीस घनइंचांची, थोराड, ज्यांना तिकडे बिग-ब्लॉक म्हणतात. असली इंजिनं आता लोक विकत नाहीत, मृत्युपत्रात लिहितात.

"मिस्टर ऑरिन, बाबांची पिकअप आणि बाबांचं इंजिन," बेटिना म्हणाली. "दोघांचं लग्न लावून द्या."

"दुसरीकडे विचारलंस?"

"दुसरीकडे मला बाबांनी कधी नेलंच नाही."

दोनातलं एक इंजिन गंजून जाम झालं होतं. दुसरं हाताने फिरत होतं. ऑरिनने फिरणारं घेतलं.

सगळा हिवाळा त्याने त्यावर घातला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक किती फुंकेल? प्रत्येक बोल्ट तीनदा आवळायचा, वर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, आणि घरी जेवताना आठवण झाली की परत येऊन चौथ्यांदा बघायचा. आतला कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, आरशासारखा होता; तो त्याने तसाच ठेवला. बोटीचा स्टार्टर गंजला होता, तिथे पिकअपचाच बसवला. शुक्रवारी तेलाचा पंप ड्रिलने फिरवून पाहिला. काटा टकन वर आला. त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी झोपला.

शनिवारी डनॅगन डोनट घेऊन आला. बेटिना पिकअपमध्ये बसली, कारण पहिली किल्ली मालकानेच फिरवायची. आणि त्या भागातला दुसरा नियम त्याहून कडक होता: नवं बांधलेलं इंजिन पहिल्यांदा फिरतं तेव्हा तेलाचा काटा उठेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आणि उठल्यावर पहिला शब्द बांधणाऱ्याचा.

बेटिनाने किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला, इंजिन फिरू लागलं. तिघेही गप्प.

काटा उठेना.

ऑरिनने बोटाने खूण केली, थांब. पुन्हा खूण केली, फिरव. घरघर, घरघर. वर कार्बोरेटरमधून पेट्रोलचा फवारा उलटा उडून ऑरिनच्या टोपीवर आला. काटा तिथेच. कालच तर उठला होता! ऑरिनच्या डोक्यात सगळे पांढरे ठिपके एकदम नाचू लागले. कुठला राहिला? कुठला?

आणि तेव्हा पाद्री डनॅगन, जो पिकअपच्या मागे धुराड्यापाशी उभा होता, हातवारे करू लागला. आधी ऑरिनला वाटलं, तो प्रार्थना करतोय. मग दिसलं, की तो धुराड्याच्या नळीकडे बोट दाखवतोय. त्याच्या हातातला डोनटचा कागदी रुमाल नळीच्या तोंडाला घट्ट चिकटला होता. डनॅगनने तो काढला, हात दूर नेला, सोडला. रुमाल पुन्हा जाऊन चिकटला.

"ऑरिन," डनॅगनला राहवेना, "नियम मोडतोय, देव मला माफ करो. पण धुराड्याने फुंकायचं असतं ना रे? हे तर ओढतंय!"

बेटिनाने किल्ली सोडली. गॅरेज शांत झालं.

ऑरिन नळीपाशी जाऊन उकिडवा बसला. वरून फुंकतंय, मागून ओढतंय. इंजिन उलटा श्वास घेत होतं. दोन इंजिनांच्या बोटीत एक पंखा उजवीकडे फिरतो आणि एक डावीकडे, नाहीतर बोट एका अंगाला ओढते. हे तळ्याकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याने घेतलं होतं ते डावखुरं इंजिन, आणि पिकअपचा स्टार्टर त्याला उजवीकडे फिरवत होता. त्याचा कॅमशाफ्टही डावखुरा, आणि त्याच्यावर चालणारा, काल ड्रिलने सुलट फिरलेला तेलाचा पंपही आता उलटाच फिरत होता. सगळे बोल्ट तीन तीनदा पाहिले. इंजिन कुठल्या दिशेला फिरतं, हे एकदाही पाहिलं नाही.

त्याने खिशातून किल्ली काढली आणि डनॅगनपुढे धरली.

"घे. शब्द म्हणजे शब्द."

डनॅगनने किल्लीकडे पाहिलं, मग पिकअपकडे. "एक सांग. एखादा बोल्ट ढिला होता का?"

"नाही."

"काही फुटलं?"

"नाही."

"मग ठेव ती. मी अंत्यविधी मेलेल्यांचे करतो. हे उलटं का होईना, श्वास घेतंय."

"बोलणं आजचं झालं होतं, डनॅगन."

"माझं काहीच बोलणं झालं नव्हतं. तू बोललास, मी मान हलवली. माझी मान प्रवचनातसुद्धा हलते."

बेटिना खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "मिस्टर ऑरिन, म्हणजे दुसरं इंजिन उजवं आहे का?"

ऑरिनने किल्ली परत खिशात टाकली. काखेत कळसा म्हणतात तो हाच. जाम झालेलं इंजिन खालून गंजलं होतं, पण त्याचा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो, तेलात माखलेला. तो चांगला असला आणि इकडे बसवला, तर?

दुपारी तिघे धक्क्यावर बेटिनाच्या बोटीपाशी गेले. अर्धा दिवस ठोकाठोकी झाली, डनॅगनच्या तोंडून पाद्र्याला न शोभणारे दोन शब्द निघाले, आणि दांडा बाहेर आला. काळपट, पण एक ओरखडा नाही. त्याच्यावर बसून झडपा उचलणाऱ्या सोळा लोखंडी टोप्यांपैकी जी जिथे घासली तिथेच परत गेली पाहिजे, नाहीतर सगळं मुसळ केरात. बेटिनाने हॉटेलातून अंड्यांचे ट्रे आणले. ऑरिन एकेक काढून देई, ती खळग्यात ठेवून आकडा लिही.

"सातवी?"

"सातवी."

"नक्की?"

"मिस्टर ऑरिन, मला सोळापर्यंत मोजता येतं."

त्यानंतर त्याने तिसऱ्यांदा विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा डोनट आले. डनॅगन रुमाल घेऊन धुराड्यापाशी मुद्दाम उभा राहिला. बेटिनाने किल्ली फिरवली. घरघर. कुणी बोललं नाही. रुमाल फडफडला, डनॅगनच्या हातातून सुटला आणि अंगणापलीकडे उडत गेला. काटा थरथरला, उठला, मधोमध जाऊन थांबला. आणि मग ते थोराड इंजिन असं काही गरजलं की फळीवरचे पाने वाजू लागले.

पहिला शब्द ऑरिनचा. दोघं त्याच्याकडे बघत होते. त्याने हिवाळाभर काहीतरी ठरवून ठेवलं होतं, ते आठवेना. त्याने किल्ली खिशातून काढून खिळ्याला अडकवली आणि पिकअपच्या खिडकीपाशी आला.

"ते दुसरं," तो इंजिनाच्या वरताण ओरडला, "जाम झालेलं. त्याचं काय करणार आहेस?"

"भंगारात देणार होते!"

"देऊ नकोस! मी सोडवीन ते! पण दोन हिवाळे लागतील!"

बेटिनाने इंजिन बंद केलं नाही. "मग दोन हिवाळे थांबते," ती म्हणाली, आणि पिकअपचा गिअर टाकला. पिकअप सरळ पुढे निघाली.