पहिल्या पाण्याचा मान

"भाऊजी, माही मजा तं नाही घेऊन राह्यले?"

सुभद्राबाईच्या हातातली हिंगुळाची वाटी तिरपी झाली. पोळ्याची सकाळ. चांद्याचं एक शिंग रंगवून झालं होतं, दुसरं बाकी होतं, आणि दारात तिचा धाकटा दीर उकंडराव चक्क हात जोडून उभा!

"मजा कायची वहिनी? औंदा तलावावर पह्यलं पानी तुमच्या चांद्याले."

आमच्या गावात पोळ्याला मानकऱ्याचा बैल तलावात आधी उतरतो, पाणी पितो, मग बाकीचे. मान उकंडरावाच्या घरचा. तलावही त्यानंच गावाला मागे लावून खोदवलेला, महाराष्ट्र नवानवा झाला तेव्हा. भाऊ वारल्यापासून बांधाच्या भांडणात तो वहिनीशी एक शब्द बोलला नव्हता.

"शेवटी आठोलं वं त्याले भावाचं घर," ती मला म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. मी शेजारीण. मला एवढंच दिसलं, की बोलताना उकंडराव वहिनीकडे नाही, चांद्याकडे बघत होता. पण सणाच्या दिवशी असलं काही तोंडातून काढवत नाही.

पावसानं तेव्हा महिनाभर तोंड दाखवलं नव्हतं. तलावाचं पाणी आटून तापलेलं, आणि वर कुणी रंगाची बादली ओतावी तशी हिरवीगार साय. वाऱ्यानं ती सगळी आमच्याच काठाला लोटलेली. वास कुजट.

चांद्यानं नाक फेंदारलं. मागे सरला.

"पी रे राजा," सुभद्रानं पाठीवर थोपटलं, "आज तुहा मान हाय."

तिचं न ऐकायची त्याला सवय नव्हती. प्याला.

वर आणतोय तोच त्याचे पाय लटपटले. कापरं सुटलं, तोंडातून हिरवट लाळ गळायला लागली. गुडघ्यांवर बसला, आडवा झाला. अंगावरचं पाणी वाळायच्या आत जीव गेला. त्याचा जोडीदार पाखऱ्या काठावर नुसता हंबरत राहिला.

"थांबा बे! कोनी उतरू नोका!" उकंडराव ओरडला. सगळ्यांच्या आधी. एवढ्या लवकर माणसाला सुचत नाही हो.

दुपारी धामणगावचा कादर आला. मेल्या जनावरांची कातडी न्यायचं त्याचं काम. पण कातडं सोडून तो चांद्याचं तोंडच न्याहाळत बसला.

"भाबी, असंच तोंड म्या परवा पाह्यलं. उकंडरावच्या कालवडीचं. माह्या डोयासमोर तलावावर पेली अन् पडली. म्या कातडं मांगतलं तं म्हने, चालता हो. तशीच गाडली. मले वाटलं, गावाले सांगतलं असन त्यानं."

कातड्यासकट जनावर कोण गाडतं? ज्याला ते दिसू द्यायचं नसतं, तो. सुभद्रा उठली, लोटा घेतला आणि तलावाकडे गेली.

संध्याकाळी वेशीत तोरणाखाली बैल उभे राहिले. उकंडरावाची जोडी पुढे, लखलखीत. घरच्या विहिरीवर धुतलेली. सुभद्रानं लोटा त्याच्यापुढे धरला. आत हिरवं पाणी. डफडं थांबलं.

"घ्या भाऊजी. मान तुमचा. पह्यलं पानी."

"वहिनी, मले का पक्कं माईत होतं? कालवडीले दुसरंच काई झालं असन, असं वाटलं."

"म्हून माह्या चांद्याले पाजून पाह्यलं?"

"नुसत्या शंकेवर तलाव बंद करा म्हनलं असतं, तं गाव हासलं असतं मले."

"शंकाच हाय नं? मंग प्या."

उकंडराव मागे सरला. अगदी चांद्यासारखा. फक्त त्याला थोपटणारं कुणी नव्हतं.

"राहू द्या," सुभद्रा म्हणाली. "मलेबी पाह्याचंच होतं."

मानकऱ्यानं तोरण तोडलं की पोळा फुटतो; त्या वर्षी ते तुटलंच नाही. माणसं आपापले बैल घेऊन माघारी वळली. पुढे गुरांचा डाक्टर आला, म्हणाला, विष त्या सायीतच होतं. त्यानं सांगितलं ते फक्त पाण्यातल्या विषाचं.

पोळ्याच्या त्या संध्याकाळी वेशीतून परतल्यावर सुभद्रा अंगणात राखेनं लोटा घासत बसली होती. घासतेय, घासतेय.

"झाला वं साफ," मी म्हटलं.

"लोटा झाला," ती म्हणाली. मग उठून गोठ्यात गेली आणि एकट्या पाखऱ्यापुढे दोघांची वैरण टाकून आली.